स्टेशनचं दही

आमचे भावजी फलाटावर उभे नसते, तर बंगळूरहून निघालेलं एकही माणूस आजवर कुठं सुखरूप पोचलं नसतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आणि ते इतक्या वेळा आमच्या कानांवर पडलं होतं की पुढं पुढं आमचंही तेच मत होऊन बसलं. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. बळेपेटेत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, आजोबांनी काढलेलं, आणि स्टेशन इतकं जवळ की इंजिनानं शिट्टी दिली की मांडणीवरचे तांबे किणकिणायचे. रेल्वेशी म्हणाल तर यांचं काही देणंघेणं नव्हतं. नोकर नव्हते, कंत्राटदार नव्हते, आणि प्रवासी तर नव्हतेच नव्हते, कारण जन्मात त्यांनी कधी गाडीनं प्रवास केला नव्हता. सासुरवाड दोन गल्ल्या पलीकडं, कुलदैवताला घरातले बाकीचे जात, आणि हे सगळ्यांना पोचवायला स्टेशनवर. पण पन्नास-साठच्या त्या सालांत आमचं स्टेशन भराभर सुधारत होतं, कुठं फलाटावर पत्रे चढत होते, कुठं पूल उभा राहत होता, आणि त्यातला प्रत्येक पत्रा आपण पाठीशी लागलो म्हणूनच बसला, अशी भावजींची पक्की समजूत होती. पुण्याच्या गाडीची वेळ झाली की ते गल्ल्यावरून उठत, गिऱ्हाईक हंडा वाजवून बघत असलं तरी त्याला म्हणत, ‘‘तुम्ही वाजवत बसा की, मी गाडी सोडून येतो.’’

गाडी सोडायची म्हणजे काय करायचं, तर दही घालायचं. आपल्यात गावाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालायची रीत आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. देवाला नमस्कार करायचा, उजवा तळवा पुढं करायचा, चमचाभर दही चाटायचं, ‘येतो’ म्हणायचं आणि मागं न बघता निघायचं. पण भावजींच्या लेखी या रीतीत एक मोठी खोट होती. ‘‘घरात दही खाल्लं, बाहेर पडलं, टांगा-जटका मिळाला नाही, गाडी चुकली, परत येऊन ओट्यावर बसलं. मग त्या दह्याचं झालं काय? फुकट गेलं!’’ खरा प्रवास डब्याच्या पायरीपासून सुरू होतो, तेव्हा दही घालायचं तर ते तिथंच, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून कल्हई केलेला कडीचा पितळी डबा आणि अक्काच्या रुखवतातला चांदीचा चमचा घेऊन हा माणूस रोज संध्याकाळी पुण्याच्या गाडीला हजर. ओळखीचा असो, अनोळखी असो, चढणाऱ्याच्या हातावर दही पडलंच पाहिजे. नको म्हणायची सोय नव्हती. ‘‘अहो, मी अरसीकेरीपर्यंतच जातोय,’’ असं कुणी म्हटलं तर भावजी म्हणायचे, ‘‘सरी, बरं मग, अर्धा चमचा घ्या.’’

त्यांच्या दह्याचा एक नियम मात्र अगदी कडक होता, आणि पुढं जे रामायण झालं ते त्याच नियमापायी, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जो मागं राहणार आहे, त्यानंच जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं. यात वय नाही, मान नाही, बाईमाणूस-पुरुषमाणूस नाही. राहणाऱ्यानं जाणाऱ्याला! जाणाऱ्यानं जाणाऱ्याला घातलेलं दही म्हणजे नुसतं दूध नासलेलं, त्यात अर्थ नाही. ‘‘दही कशासाठी असतं?’’ ते मला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, ‘‘इथं तुझी वाट बघणारं कुणी आहे, एवढं हाताला कळावं म्हणून.’’ त्यांनी स्वतः कधी प्रवास न करण्याचं कारणही हेच होतं. अक्कानं काशीचा विषय काढला, रामेश्वरचा काढला, निदान म्हैसूरचा दसरा तरी बघू या म्हणून हात जोडले; भावजींचं एकच, ‘‘सगळेच गेलो तर पोचवायचं कुणी?’’

या लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम अर्थातच अक्काच्या चुलीवर पडलं होतं. बंगळूरसारख्या गावात, जिथं मोसरन्न म्हणजे दहीभात खाल्ल्याशिवाय माणूस पानावरून उठत नाही, तिथं आमच्या अक्काच्या घरी रात्री दही नसायचं. जे लागायचं ते स्टेशनवर जायचं. शेवटी तिनं दोन भांड्यांत विरजण लावायला सुरुवात केली, एक घरचं आणि एक स्टेशनचं. घरचं फडताळात लपवलेलं असायचं. स्टेशनचं मुद्दाम आंबट. पण भावजींना चव कळायची. ते डब्यात बोट बुडवून बघायचे आणि गपचूप दोन्ही भांड्यांची अदलाबदल करून चालू लागायचे. ‘‘अय्यो, परक्याला गोड आणि पोराबाळांना आंबट!’’ म्हणून अक्का कपाळावर हात मारायची. एकदा दंडुमधला, म्हणजे आमच्या छावणीतला, एक गोरा साहेब त्या गाडीला आला होता. भावजींनी त्याच्याही तळव्यावर चमचा उलटा केला. त्यानं दह्याकडं बघितलं, भावजींच्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं, काहीतरी औषध असावं अशा समजुतीनं ते उन्हानं लाल झालेल्या मानेला चोळलं आणि ‘थँक्यू’ म्हणून तो डब्यात चढला. भावजींना राग नाही आला. ‘‘पोटात काय, मानेत काय, लागू पडल्याशी कारण,’’ म्हणाले.

आता दही खाल्लं की हात चिकट होतो, आणि चिकट हातानं माणूस काय धरतं? डब्याच्या दाराची दांडी धरतं. पुण्याच्या गाडीच्या सगळ्या दांड्या दह्यानं बरबटलेल्या असत. पुढच्या स्टेशनांवर चढणारे लोक तक्रार करू लागले, माश्या बसू लागल्या, आणि एके दिवशी खुद्द गार्डाचा हात निसटून तो फलाटावर बसता झाला. लागलं नाही फारसं. पण तेव्हापासून स्टेशनातले एक असिस्टंट मास्तर भावजींच्या मागं हात धुऊन लागले. हे मास्तर मंड्याकडचे, उंच, काटकुळे, जाड चष्म्याचे. कानडीत बोलायचे आणि भावजींना ‘रायरे’ म्हणजे रावसाहेब म्हणायचे, आणि रायरे म्हटलं की समजायचं, आता भांडण होणार. ‘‘रायरे, आधी दही बंद करा.’’ भावजीही तितक्याच अस्खलित कानडीत उत्तर द्यायचे, ‘‘मास्तर, आधी नळ घाला. माणसानं हात धुतला तर दांडी कशाला चिकट होईल? एवढा मोठा फलाट, आणि पाण्याचा नळ एक नाही!’’ मास्तर म्हणायचे, ‘‘दही नसेल तर नळ कशाला?’’ भावजी म्हणायचे, ‘‘नळ असेल तर दह्याला काय हरकत?’’ गाडी सुटून शेपूट दिसेनासं होईपर्यंत हे चालायचं. मग मास्तर एक चमचा दही मागून खायचे, कारण माणूस अखेर मंड्याकडचा, मोसरन्नावर वाढलेला, आणि दोघं आपापल्या वाटेनं जायचे. भावजी ते मुकाट्यानं द्यायचे, पण हातावर नाही, झाकणात. ‘‘तुम्ही कुठं जाताय? इथंच तर आहात,’’ म्हणायचे.

नळ येईपर्यंत भावजींनी स्टेशनच्या बाकी सुधारणा हाती घेतल्या. लेखी अर्जावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘‘कागद फायलीत जातो, तोंड कानात जातं,’’ हे त्यांचं ब्रीद, आणि ते तोंड केवढं होतं हे आम्ही घरातलेच जाणोत. फलाटावर नवी बाकं आली तेव्हा त्यांनी बाकाची परीक्षा घ्यायला म्हणून माझ्या आईला, म्हणजे आपल्या सख्ख्या सासूला, जटक्यात घालून स्टेशनवर नेलं. आई बुटकी. बाकावर बसवल्यावर तिचे पाय हवेत लोंबकळू लागले. भावजींनी ताबडतोब मास्तरांना बोलावून आणलं. ‘‘बघा! म्हाताऱ्या माणसाचे पाय अधांतरी! गाडीला उशीर झाला तर मुंग्या येऊन ही बाई पांगळी होईल, त्याला जबाबदार कोण?’’ आईला कुठं जायचंच नव्हतं, आणि आपण इथं का बसलो आहोत हेही तिला धड ठाऊक नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि आईला विचारलं, ‘‘अम्मा, तुम्हाला त्रास होतो का?’’ आई म्हणाली, ‘‘नाही हो, पाय हलवायला बरं वाटतंय.’’ भावजी पुढं महिनाभर सासूशी बोलले नाहीत.

पूल झाला तेव्हा परीक्षेला माझी पाळी आली. भावजींनी माझ्या डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी आणि हातात पाण्याचा फिरकीचा तांब्या देऊन मला पुलावरून इकडून तिकडं आणि तिकडून इकडं चालवलं. स्वतः खाली उभं राहून माझा श्वास ऐकत होते. मी धापा टाकत उतरलो तर मास्तरांना म्हणाले, ‘‘ऐका, ऐका! तरण्याताठ्या माणसाची ही गत. मधे टेकायला जागा पाहिजे.’’ मास्तर म्हणाले, ‘‘रायरे, मधे जागा आहे. तुमचा मेव्हणा आळशी आहे.’’  पुढं फलाटावर भोंगे लागले. त्यातून कोण काय बोलतं हे देवालाही कळत नसे. मग भावजी भोंग्याखाली उभे राहायचे आणि भोंगा थांबला की तेच कानडी, मराठी, तमिळ आणि दखनी हिंदीत मोठ्यानं सांगायचे. भोंग्यात काय सांगितलं ते त्यांनाही कळलेलं नसायचं, पण कुणाला माहितीवाचून परत पाठवायचं नाही हा बाणा. म्हैसूरला निघालेला एक गृहस्थ त्यांच्या सांगण्यावरून मद्रासच्या गाडीत बसला. चार दिवसांनी तो भांडायला दुकानात आला, तर भावजींनी त्यालाच विचारलं, ‘‘मद्रास आधी बघितलं होतंत का? नाही ना? मग!’’ तो बिचारा जाताना एक घंघाळ विकत घेऊन गेला.

आणि एकदाचा नळ आला. आला म्हणजे काय, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! छान पितळी तोटी, खाली दगडी कट्टा, सगळं झालं, आणि तोही फलाटाच्या अगदी टोकाला, जिथं नुसतं इंजिन उभं राहतं. भावजींनी नारळ फोडला, तोटीला हळदकुंकू लावलं, मास्तरांच्या हस्ते तोटी फिरवली. आतून एक झुरळ बाहेर आलं. पाणी आठवड्यानं आलं. पण दही खाऊन तिथंवर हात धुवायला जायचं म्हणजे गाडी चुकायची खात्री, तेव्हा दांड्या चिकट त्या चिकटच. ‘‘नळ मधे हवा, डब्यांच्या समोर,’’ भावजी म्हणू लागले. ‘‘एकदा घातलेला नळ हलत नाही,’’ मास्तर म्हणू लागले. पुन्हा गाडीचं शेपूट दिसेनासं होईपर्यंत तेच.

एवढ्यात कुंदाचं लग्न ठरलं. कुंदा म्हणजे भावजींची एकुलती एक लेक, माझी भाची. मुलगा मिरजेचा, सरळ, चांगल्या घरचा. लग्न खरं म्हणजे मुलीकडं, बंगळूरला व्हायचं. पण मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकायचा एवढाच त्यांचा ध्यास, म्हणून लग्न मिरजेला करावं असा निरोप आला. अक्का लगेच हो म्हणाली. मग आम्ही सगळ्यांनी भावजींच्या तोंडाकडं बघितलं. मिरजेला जायचं म्हणजे गाडीत बसायचं.  भावजी म्हणाले, ‘‘पोरीचं लग्न आहे. जायला पाहिजे.’’ आणि उठून दुकानात गेले. पण खरं सांगतो, त्या महिन्यात घरात कुणालाच धड झोप नव्हती. साड्या घ्या, भांडी बांधा, हे सगळं चाललं होतं, पण प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती, हा माणूस आयत्या वेळी गाडीत चढेल का? कुंदा मला एकदा कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ‘‘मामा, बाबांना तू धरून बसव. कन्यादानाला दुसरं कुणी बसलेलं मला चालायचं नाही.’’ डोळे भरून आले होते पोरीचे. मी म्हटलं, ‘‘अगं, बापाला काय बांधून न्यायचं?’’ ती म्हणाली, ‘‘हो.’’

निघायच्या संध्याकाळी अख्खं बिऱ्हाड फलाटावर. अक्का, कुंदा, माझी आई, मी, माझी बायको, शेजारचे दोन संसार, इतकंच काय, दुकानातला गडीसुद्धा भांड्यांच्या पेट्या घेऊन आमच्याबरोबर निघाला होता. घराला कुलूप, दुकानाला कुलूप. भावजी नव्या कोटात, डोक्याला जरीचा रुमाल, हातात तो डबा. त्या दिवशी दही इतकं गोड होतं की काही विचारू नका. अक्कानं स्वतःहून घरचं भांडं त्यात ओतलं होतं. भावजींनी एकेकाला हात धरून चढवलं, सवयीनं एकेकाच्या तळव्यावर दही घातलं; आज आपणही जाणारे, हे त्या घटकेला त्यांच्या ध्यानात नव्हतं. कुंदाच्या हातावर घालताना ‘‘सांडू नकोस, नवी साडी आहे,’’ एवढंच म्हणाले. सगळे चढले. गाडीनं एक शिट्टी दिली. आणि भावजी होते तिथंच उभे.

‘‘अहो, चढा की!’’ अक्का खिडकीतून ओरडली.

‘‘चढतो. माझ्या हातावर कोण घालणार?’’

आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. असल्या गोष्टीचा विचार कुणी केला होता! मी दारातून हात पुढं केला. ‘‘आणा इकडं, मी घालतो.’’

‘‘मेव्हणे, तुम्ही जाणारे. जाणाऱ्यानं जाणाऱ्याला चालत नाही.’’

‘‘मग मी खाली उतरून घालते,’’ अक्का म्हणाली.

‘‘मग तू राहणार का?’’

‘‘आजच्या दिवस दह्यावाचून चला!’’ माझी आई आतून म्हणाली. भावजींनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ते हट्टानं उभे होते असं मला आधी वाटलं. पण मी दारात होतो, त्यांचा चेहरा मला जवळून दिसत होता. माणूस घाबरला होता हो! आयुष्यभर ज्यानं हजारो लोकांना धीर देऊन पाठवलं, त्याला स्वतःला पाठवायला त्या एवढ्या मोठ्या स्टेशनवर एक माणूस नव्हतं. शेजारून एक हमाल जात होता, मी म्हटलं, ‘‘याला सांगू या.’’ भावजी म्हणाले, ‘‘तो कामावर आहे. पोचवायला आलेलं माणूस पाहिजे.’’ दुसरी शिट्टी झाली. गार्डानं हिरवं निशाण हातात घेतलं. कुंदा खिडकीच्या गजांना धरून रडू लागली, ‘‘बाबा, तुम्ही आला नाहीत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. देवाशप्पथ सांगते!’’

तेवढ्यात पलीकडून असिस्टंट मास्तर लांब लांब टांगा टाकत आले. मला वाटलं, आता भांडण. मास्तरांनी गार्डाला ‘स्वल्प तडी’ म्हणून थांबायची खूण केली, आणि भावजींच्या समोर उभे राहिले. ‘‘काय झालं, रायरे?’’ भावजींनी सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत मारली.

‘‘आता मी ड्यूटीवर नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हाला पोचवायला आलोय. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा इथून जाताय. हा दिवस बघायला मी येणार नाही तर कोण येणार?’’

‘‘तुम्ही राहणार ना?’’ भावजींनी विचारलं. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

‘‘मी कुठं जातो? इथंच तर आहे,’’ मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डबा घेतला, चांदीचा चमचा भरला, आणि भावजींच्या तळव्यावर दही घातलं. ‘‘होगी बन्नी, रायरे,’’ म्हणाले. कानडीत निरोप असाच देतात, जाऊन या. भावजींनी ते दही डोळे मिटून खाल्लं. ‘‘येतो,’’ म्हणाले. आमच्या सगळ्या डब्यानं श्वास सोडला. आणि हा गृहस्थ वळला आणि फलाटाच्या टोकाकडं चालू लागला!

‘‘अहो, कुठं निघालात?’’ अक्का किंचाळली.

‘‘हात धुऊन येतो. नळ आहे की!’’

‘‘रायरे!’’ मास्तर असे ओरडले की भोंग्याची गरज नव्हती. ‘‘नळ पळून जात नाही, गाडी जाते!’’ गाडी हललीच होती. मास्तरांनी मागून ढकललं, मी पुढून ओढलं, आणि भावजी माझ्या अंगावर येऊन आदळले. त्यांचा दह्याचा पंजा माझ्या लग्नासाठी शिवलेल्या कोटावर पाचही बोटांनिशी उमटला, आणि तशाच कोटानं मी पुढं सगळ्या मानपानाला उभा राहिलो. मास्तर मागं फलाटावर उभे होते, एका हातात डबा, एका हातात चमचा, टोपी काखेत.

लग्न झालं. भावजींनी कन्यादान केलं, आजोबांनी पडल्यापडल्या अक्षता टाकल्या, मिरजेच्या स्टेशनात पुलाला कठडा ठेंगणा आहे एवढी एक तक्रार सोडली तर भावजींनी कुणाला त्रास दिला नाही. परतीच्या दिवशी जावई कुंदाला घेऊन आम्हाला पोचवायला आले. आम्ही सगळे चढलो. भावजी पायरीशी थांबले, सवयीनं डबा शोधू लागले. डबा तर बंगळूरला राहिलेला. मग त्यांच्या लक्षात आलं, इथं आपण दही घालायचं नाही. आपण जाणारे. कुंदा पुढं झाली. तिच्या हातात सासरची नवी वाटी होती, तीत दही. हिरव्या चुड्याचा तो हात बघून माझी आई हळूच म्हणाली, ‘‘लेकीनं बापाला घालायचं असतं का कुठं?’’ भावजी म्हणाले, ‘‘राहणाऱ्यानं जाणाऱ्याला. वयाचा प्रश्न नाही.’’ आणि त्यांनी तळवा पुढं केला. आयुष्यभर या माणसानं मनात धरलं असेल की एक दिवस लेक सासरी जायला गाडीत बसेल आणि आपण मागं राहून तिच्या हातावर दही घालू. झालं होतं ते उलटंच. तिनं दही घातलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, सावकाश जा. पोचल्याचं कळवा.’’ तिचे डोळे वाहत होते, माझेही वाहत होते, सांगायला लाज कसली! भावजींनी दही खाल्लं, ‘‘गोड लागलंय. सासरची म्हैस चांगली आहे,’’ म्हणाले आणि चढले.

मिरजेच्या फलाटावर नळ डब्याच्या अगदी समोर होता, हवा तिथं. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बेळगावला गाडी बराच वेळ थांबली, मी म्हटलं, ‘‘भावजी, चला, हात धुऊन या.’’ ते म्हणाले, ‘‘धुतो की.’’ हुबळीला म्हणाले, ‘‘धुतो की.’’ अक्कानं दशम्या सोडल्या, तर भावजींनी उजवी मूठ मांडीवर तशीच ठेवून डाव्या हातानं केळं सोललं आणि खाल्लं. डाव्या हातानं घास घेतला म्हणून शेजाऱ्याच्या पोराला ओरडणारी आमची अक्का. ती बघत राहिली, आणि खिडकीकडं तोंड फिरवून बसली.

बंगळूर आलं. गाडी थांबली तर समोर मास्तर उभे, टोपी डोक्यावर, हातात घासून लखलखीत केलेला डबा. रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात घरचा म्हैसूरपाक घातला होता. त्यांनी भावजींच्या दंडाला धरलं आणि चार पावलं नेलं. तिथं, डब्यांच्या बरोबर समोर, नवी तोटी बसवलेली होती, खाली ओला कट्टा. ‘‘हललेला नळ बघा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तुम्ही यायच्या आत करून घेतला. धुवा हात.’’ आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तोटी फिरवली. पाणी काय आलं हो, धो धो! भावजी त्या धारेकडं बघत उभे राहिले. ज्या पाण्यासाठी इतकी वर्षं भांडले ते पाणी समोर पडत होतं, आणि मास्तर लग्नघरच्या माणसासारखे कौतुकानं त्यांच्याकडं बघत होते. मग भावजींनी डबा माझ्याकडं दिला, कोटाची बाही वर सारली, आणि डावा हात धारेखाली धरला. बोटं चोळून चोळून, सावकाश, कोपरापर्यंत धुतला. ‘‘नळ उत्तम आहे, मास्तर. अगदी उत्तम,’’ म्हणाले. मास्तरांनी उजव्या मुठीकडं बघितलं, आणि तोटी बंद केली.

बाहेर जटका उभा होता. अक्कानं आधी चढून त्यांना वर घेतलं. भावजींनी डाव्या हातानं दांडी धरली, आणि उजवी मूठ छातीशी तशीच मिटून घेऊन ते घरी आले.